बाटलीवरचे नाव

आमच्या दुकानात येणारी निम्मी माणसे औषधाचे नाव घेत नसत. डॉक्टरांची चिठ्ठी ती काउंटरवर पालथी ठेवत, मागे कोण उभे आहे ते बघत आणि आमच्या म्हैसुरी मराठीत म्हणत, "अक्का, सुम्ने एक टॉनिक द्या." सुम्ने म्हणजे उगीच, सहज, काही कारण नसताना. मी बत्तीस वर्षे औषधे विकली. कारण नसताना टॉनिक नेणारा माणूस मला त्या बत्तीस वर्षांत भेटला नाही.

दुकान सरस्वतीपुरममध्ये, माझ्या सासऱ्यांचे. त्यांना मी मामंजी म्हणत असे. मी त्या घरात आले तेव्हा राज्याचे नाव अजून म्हैसूर होते. ते बदलून कर्नाटक झाले तेव्हा पाटीवरचा पत्ता पुन्हा रंगवताना स्टूल धरून मीच उभी होते. माझे यजमान शाळेत शिकवीत आणि त्यांना औषधांचा वास सोसत नसे, म्हणून मामंजींनी सुनेला हाताशी घेतले. माझे वडील संस्कृतचे शिक्षक. त्यांनी लहानपणी मला वृत्ते म्हणायला शिकवली, लघू-गुरू बोटांवर मोजायला लावले. त्याच बोटांत मामंजींनी मोजमापाचा काचपेला दिला. डिप्लोमा मी पुढे दोन मुलांच्या मधल्या काळात घेतला. खरे शिक्षण दुकानाच्या मागच्या खोलीत, कंपाउंडिंगच्या टेबलापाशी झाले.

त्या खोलीचा वास मला अजून वेगवेगळा करून सांगता येतो. क्लोरोफॉर्म घातलेल्या पाण्याचा गोडसर गारवा, संत्र्याच्या सालीच्या अर्काची झिणझिण, ओल्या लेबलांची खळ, भिजलेली बुचे, आणि सगळ्याच्या तळाशी जेन्शियनच्या मुळांचा मातकट कडवटपणा. पावसाळ्यात हा कडवटपणा लुगड्याला चिकटून घरी येई. माझा धाकटा मुलगा मांडीवर आला की पदर तोंडात धरी आणि लगेच थुंकून टाकी.

बाहेरच्या माणसाला सांगायचे तर टॉनिक नावाचे कोणतेही एक औषध नाही. रक्त कमी असलेल्या बाळंतिणीला लोहाचे पातळ औषध देत, तेही टॉनिक. आजारातून उठलेल्याला भूक लागावी म्हणून कडू मुळांचा अर्क देत, तेही टॉनिक. या कडू औषधाचा एक नियम मामंजींनी पहिल्याच महिन्यात शिकवला. त्याचा कडूपणा जिभेला कळलाच पाहिजे. तो कळला की तोंडाला पाणी सुटते, पोट जागे होते. साखर घालून ते गोड केले तर त्याचे कामच काढून घेतल्यासारखे होते. काचपेला डोळ्यांच्या रेषेत धरायचा. औषधाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो, त्या खोलगटाचा तळ रेघेला टेकला पाहिजे, कडा नव्हे. मग बाटलीच्या अंगाला कागदाची एक पट्टी चिकटवायची. तिचे कोपरे दुमडून असे कापलेले असत की उलगडल्यावर करवतीसारखे दाते दिसावेत. एक दाता म्हणजे एक वेळचे औषध. ज्यांना वाचता येत नसे त्यांना ती पट्टी पुरे.

टॉनिक हा शब्द घेऊन मात्र काय काय काउंटरवर आले! परीक्षा जवळ आल्या की कुवेंपुनगरच्या आया मेंदूचे टॉनिक मागत. केस गळणाऱ्या मुली डोक्याला लावायचे मागत. लग्न ठरलेले तरुण दुकान रिकामे होईपर्यंत पंचांग न्याहाळत उभे राहत आणि मग नसांचे टॉनिक इतक्या हळू मागत, की मला ओठांवरून ओळखावे लागे. पिरियापट्टणहून एक तंबाखूवाले गौडा येत. त्यांचा पुतण्या इथे शिकायला होता. तंबाखूच्या रोपांची पाने रुंद व्हावीत म्हणून फवारायचे असते, त्यालाही शेतकरी टॉनिकच म्हणतात. ते आमच्याकडे मिळत नाही, खतांच्या दुकानात मिळते, असे मी दरवर्षी सांगे. दरवर्षी ते म्हणत, माणसांना देता, रोपांनीच काय केलं? कोडगूच्या कॉफीमळ्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ टॉनिकचे पाणी विचारत. ते म्हणजे कोयनेल घातलेला कडू सोडा, साहेब लोक मद्यात मिसळत तो. "एवढं कडू ठेवता, त्यात हेच कसं नाही?" असे खिन्नपणे म्हणत ते खोकल्याच्या गोळ्या घेऊन जात. समोरच्या गल्लीत व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई होत्या. इंग्रजी पुस्तकांत षड्जाला टॉनिक म्हणतात, हे त्यांनी मला सांगितले आणि चिठ्ठीतले औषध बांधून होईपर्यंत काउंटरवर कोपर टेकून तो सा हलकेच धरून ठेवला. त्या दिवसातले तेवढेच माझ्या लक्षात आहे.

आणि एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना डॉक्टरांनी जेवणाआधी दोन चमचे टॉनिक सांगितले होते. त्या टॉनिकमध्ये मद्यार्क बराच असे. बाटली तीन आठवडे पुरायला हवी, ती तीन दिवसांत संपे. त्यांच्या पत्नी रिकामी बाटली घेऊन कौतुकाने येत आणि यांची भूक कशी खवळली आहे ते सांगत. एकदा हेडमास्तर स्वतः आले. आमची नजरानजर झाली. मी बाटली कागदात गुंडाळून दिली आणि काही बोलले नाही. गप्प राहणे हा आपल्या धंद्याचा अर्धा भाग आहे, असे मामंजी सांगत, आणि मी चांगली विद्यार्थिनी होते.

या गप्प राहण्याला आमच्या धंद्यात फार जुना आधार होता. मामंजींच्या तरुणपणी दुकानात कालवलेल्या औषधावर नाव कधीच लिहीत नसत. मिश्रण, दिवसातून तीनदा, एवढेच. आत काय आहे ते डॉक्टरला ठाऊक आणि कंपाउंडरला ठाऊक. रोग्याने फक्त तोंड उघडायचे. पुढे कंपन्यांच्या तयार बाटल्या आल्या, त्यांच्यावर छापील नावे आली, आणि लोकांना ती नावे नकोशी झाली. क्षयाचे औषध घेणाऱ्याला घरमालकाची भीती, झोपेचे औषध घेणाऱ्या मास्तरणीला शाळेची. मग ते मामंजींकडे येत. मामंजी बाटली कोमट पाण्यात बुडवत, लेबल भिजले की अंगठ्याच्या नखाने अलगद सोलत, औषध दुसऱ्या तपकिरी बाटलीत ओतत आणि वर आमच्या दुकानाचे छापील लेबल लावत. त्यावर एकच शब्द असे: टॉनिक. खाली वेळ आणि चमचे. मामंजींच्या पाठीमागे हे काम माझ्याकडे आले. मी ते त्यांच्याहून सफाईने करी आणि त्याचा मला अभिमान होता. लाजणाऱ्या माणसावर पांघरूण घालावे तसे ते वाटे.

इंदूची बाटली मी अशीच बदलली.

इंदू केशवराव शिंप्यांची मुलगी. विठ्ठलाच्या भजनी मंडळातले हे घर, तीन पिढ्या म्हैसुरात. केशवरावांच्या यंत्राशेजारी दुसरे यंत्र इंदूचे. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना सुईच्या टोचण्या असत आणि ती जवळ आली की कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येई. अकराव्या वर्षी तिला फेफरे येऊ लागले. आमच्या ओळीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक पातळ औषध सुरू केले. तिला गोळी गिळता येत नसे म्हणून पातळ. सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा. त्यानंतर सहा वर्षे तिला एकदाही झटका आला नव्हता. औषध कधी सोडायचे नाही आणि सोडायचेच झाले तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू, एवढी एकच अट होती. एकदम बंद केले तर दबलेला आजार दुप्पट जोराने उसळतो.

लग्न ठरले ते कुवेंपुनगरच्या घरात. त्यांच्याच लोकांतले, पण आता शिवणकाम सोडून कचेऱ्यांत गेलेले. मुलगा श्रीकांत कारकून, शांत, चष्म्याआडून हसणारा. डॉक्टरांनी इंदूच्या आईला, सुशीलाबाईंना, बजावले होते की त्या घरी आधी सांगा. सुशीलाबाई डॉक्टरांना हो म्हणाल्या आणि तिथून थेट माझ्याकडे आल्या.

दुसऱ्या बाटलीत घालून द्या, असे त्यांनी सांगितले. मी डॉक्टरांचे म्हणणे आठवून दिले. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, उलगडले, पुन्हा गुंडाळले.

"तुम्हाला दोन मुलगेच ना, अक्का," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला सोपं आहे."

मी लेबलांचा गठ्ठा पुढे ओढला. दर महिन्याला केशवराव येऊन बाटली नेतील आणि इंदू माहेरी आली की तिच्या पिशवीत घालतील, असे ठरले.

पहिली बाटली न्यायला इंदू स्वतः आली होती. हळदीच्या आदल्या दिवशी. मागच्या खोलीत मी लेबल सोलत होते आणि ती स्टुलावर बसून ते बघत होती. भिजलेल्या कागदाची वळकटी माझ्या अंगठ्याखाली जमत होती. एकही वेळ चुकवायची नाही, हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतले. सासरी तिचे नाव काय ठेवणार आहेत ते विचारले. सुमेधा, ती म्हणाली.

"आधी बाटलीचं बारसं, मग माझं," ती हसली. "अक्का, तुम्ही दोघींची नावं एकदमच बदलून द्या. तेवढंच भटजींचं काम वाचेल."

मीही हसले. काच नीट पुसली आणि लेबल सरळ बसले आहे ना ते उजेडात धरून पाहिले.

तीन महिने गेले. श्रावण सरत आला होता. गौरी आठवड्यावर आल्या होत्या आणि दुकानात उपवासाने पित्त झालेल्यांची गर्दी होती. दुपारी चारच्या सुमारास एक बाई आल्या. केसांत मोगरा, हातात टॉवेलात गुंडाळलेली बाटली. टॉवेल उलगडला आणि माझेच अक्षर मला दिसले. दुकानाचे नाव लेबलावर होते; त्या त्यावरूनच शोधत बसने आल्या होत्या.

त्या विमलाबाई, इंदूच्या सासूबाई. सून फार गुणी आहे, असे त्यांनी ओळख देतानाच सांगून टाकले. सुनेचे टॉनिक रोज दोन वेळा त्या स्वतःच्या हाताने पाजत. माहेरून आणलेली वस्तू सुनेने एकटीने कोपऱ्यात उभे राहून घ्यावी, हे त्यांना बरे दिसेना; आपण घरात असताना तिने स्वतः चमचा भरायचा म्हणजे काय? तक्रार एकच होती. हे टॉनिक घेऊन मुलगी अंग तर धरत नाहीच, उलट सकाळी भाजी चिरता चिरता पेंगते.

"नोडी, बघा, अक्का," त्या म्हणाल्या, "आमची सुमेधा हातात विळी घेऊन डुलते. ह्यात काही दम नाही. जरा भारीतलं द्या."

ते पेंगणे त्या औषधाचेच होते. मला ते ठाऊक होते. काउंटरवर आणखी तीन माणसे उभी होती आणि त्यांतली एक बाई भजनी मंडळातली, दोन्ही घरांना ओळखणारी. मागच्या खोलीत स्टूल होते. "काकू, जरा आत या," एवढे म्हणायला किती श्वास लागतो? मी ते म्हणाले नाही. विमलाबाईंचा चेहरा मी वाचला, तो मायेचा होता. पण रोगाचे नाव ऐकल्यावर तो कसा होईल हे मला वाचता येईना, आणि त्या न वाचता आलेल्या चेहऱ्याला मी घाबरले. मी त्यांना लोहाचे एक चांगले टॉनिक काढून दिले आणि सांगितले की हे द्या, पण जुनेही चालू ठेवा. एकदम बंद करायचे नसते.

"टॉनिकच ना?" विमलाबाई हसल्या. "बंद केलं तर काय होणार आहे?"

"सुरू केलेलं पुरं करावं," मी म्हणाले.

"आयतु. तुम्ही म्हणता तर."

आयतु म्हणजे ठीक आहे, झाले. त्या मोगऱ्याचा वास मागे ठेवून गेल्या. केशवरावांना निरोप पाठवावा असे मनात आले. त्यांचे घर दुकानापासून दहा मिनिटांवर होते. गौरींच्या आधी ते बाटली न्यायला येतीलच, तेव्हा सांगू, असे मी स्वतःला समजावले. पुढे उभ्या असलेल्या माणसाला पित्ताची पूड दिली. आणि पूड बांधताना सुटल्यासारखे वाटले, हेही इथे लिहिले पाहिजे.

सहाव्या दिवशी भर दुपारी केशवराव आले. गळ्यात टेप तसाच, बोटांना खडू. सकाळी इंदू न्हाणीघरात पाणी काढायला गेली होती. हंड्यापाशी झटका आला आणि कढत पाण्याचा तांब्या तिच्या डाव्या हातावर, मानेवर उलटला. इस्पितळात नेल्यावर आणखी दोन झटके आले. तरुण डॉक्टरांनी विचारले की पूर्वी कधी असे झाले होते का, आणि सुशीलाबाईंनी देवाची शपथ घेऊन नाही सांगितले.

"एक बाटली द्या, अक्का," केशवराव म्हणाले. "टॉनिकचीच. तिची आई चमच्यानं पाजेल. कुणाला कळायचं नाही."

त्यांना वाटत होते तसे ते नव्हते. शुद्ध हरपलेल्या माणसाला तोंडाने पाजले तर औषध श्वासात जाते. शिवाय डॉक्टर दुसरे काही टोचत असणार. दोन औषधे एकमेकांना न सांगता शरीरात भेटली की काय करतील याचा नेम नाही. मी हे त्यांना सांगितले. डॉक्टरांना खरे सांगा, म्हटले.

"सांगितलं तर तिचं घर गेलं."

"आणि नाही सांगितलं तर?"

केशवरावांनी गळ्यातला टेप काढला आणि मुठीत आवळला. मी कपाटातून त्या औषधाची कंपनीची बाटली काढली, छापील नावासकट, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी भर दुपारी दुकान बंद केले. रिक्षात आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता बसलो.

वॉर्डात फिनाइल, भाजलेल्या कातडीवर लावतात ते मलम आणि कुणाच्या तरी डब्यातले चिंचेचे सारू, असे वास एकात एक मिसळले होते. इंदू पडद्याआड होती. श्रीकांत खिडकीपाशी पाठ करून उभा होता. विमलाबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या; त्यांच्या लुगड्याचे काठ अजून ओले होते, न्हाणीतून सुनेला उचलताना भिजलेले. सुशीलाबाईंनी माझ्या हातातली बाटली पाहिली आणि त्या माझ्या वाटेत आल्या.

"तुमच्या पाया पडते, अक्का," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ते पिशवीत ठेवा."

मी त्यांच्या बाजूने पुढे गेले. डॉक्टर कानडी मुलगा होता. त्याच्याशी मी कन्नडात बोलले. म्हणजे वॉर्डातल्या प्रत्येकाला ते कळले. अकराव्या वर्षापासून फेफरे, हे औषध, दोन वेळा, माझ्याच दुकानातून, दुसऱ्या नावाने. त्याने बाटली हातात घेऊन नाव वाचले आणि विचारले, शेवटचा डोस कधी घेतला?

हे सुशीलाबाईंना ठाऊक नव्हते. केशवरावांना नव्हते, मला नव्हते. सगळ्या वॉर्डात ते एकाच माणसाला ठाऊक होते.

"सोमवारी रात्री," विमलाबाई खालूनच म्हणाल्या. "नवीन आणलं ना. तीन-चार दिवस दोन्ही पाजली, मग दोन टॉनिकं एकदम उष्ण पडतील म्हणून जुनं मोरीत ओतलं."

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. कुणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या काउंटरवर उभ्या होत्या तेव्हा मला काय ठाऊक होते, हे त्यांना त्या क्षणी कळले.

डॉक्टरांनी योग्य ते सुरू केले. संध्याकाळपर्यंत झटके थांबले. इंदू जगली. तिच्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या रेशमासारखी झाली ती झालीच. शुद्धीवर आल्यावर तिने सांगितले ते फार साधे होते. सासूबाईंनी बाटली ओतली तेव्हा ती शेजारी उभी होती. टॉनिक ओतू नका म्हणून सून कशी हट्ट धरणार? चार दिवसांनी गौरीला माहेरी जायचेच होते, तेव्हा नवी बाटली मिळाली असती. सहा वर्षे काही झाले नव्हते. चार दिवस निघतील असे तिला वाटले.

ते घर मात्र राहिले नाही. रोगाचे एक वेळ सोसले असते, पण आम्हाला फसवले, असे श्रीकांतचे वडील सगळ्यांना सांगत राहिले. त्या काळच्या कायद्यात फेफरे हे लग्न रद्द करायला पुरेसे कारण होते; वकिलाला फार कष्ट पडले नाहीत. श्रीकांत सगळ्या कागदांवर सह्या करून गेला. असे मला केशवरावांनी सांगितले, आणि तो सह्या करताना चष्मा पुसत होता हेही. इंदू वडिलांच्या शेजारच्या यंत्रावर परत बसली. ती लांब बाह्यांची पोलकी घालू लागली. तिचे नाव पुन्हा इंदू झाले. औषध केशवराव नेत आणि सुशीलाबाई रस्त्यात दिसल्या की पलीकडच्या बाजूला जात. मी इस्पितळात तोंड उघडले म्हणून मुलीचा संसार मोडला, अशी त्यांची खात्री होती. मी उशिरा तोंड उघडले म्हणून मोडला, अशी माझी. आम्ही दोघींनी ते कधी एकमेकींना सांगितले नाही.

माझ्याविरुद्ध कुणी तक्रार केली नाही. परवाना भिंतीवर चौकटीत होता, तिथेच राहिला. मी लेबले बदलणे बंद केले. काही गिऱ्हाइके नाराज झाली. पुढच्या चौकात नवे दुकान निघाले होते, तिथे ही सोय मिळते असे कानावर आले. लोक तिकडे गेले. त्यांना मी थांबवू शकले नाही, आणि दोषही देऊ शकले नाही, कारण पांघरूण घालण्याची सवय त्यांना आम्हीच लावली होती.

वर्ष-दीड वर्षाने विमलाबाई आल्या. या वेळी सकाळी, दुकान नुकतेच उघडले होते. श्रीकांतचे दुसरे लग्न झाल्याचे मला ठाऊक होते. त्यांनी काही मागितले नाही. मी बसायला सांगितले, त्या बसल्या नाहीत.

"त्या दिवशी मला सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी भांडले असते. सुशीलाबाईंना दारात उभं केलं नसतं. सुमेधाशी महिनाभर बोलले नसते कदाचित. पण औषध चुकवलं नसतं, अक्का. न बोलता पाजलं असतं."

मी काचेवरचा हात काढून घेतला. माझा घाम तिथे उमटला होता आणि हळूहळू मिटत होता.

"घेते ना ती?" त्यांनी विचारले.

"घेते."

"तोंड फार वाकडं करते. लगेच गुळाचा खडा द्यावा लागतो, नाहीतर मग अर्धा तास काही खात नाही." त्यांनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. "तिच्या आईला माहीत आहे ना हे?"

"हो," मी म्हणाले, "माहीत आहे."

मला ते ठाऊक नव्हते.